घटक ६ : मदतपृष्ठाची भाषा – शेलमधून ब्राउझरमध्ये मदत उघडणे आणि ती वाचणे

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला

• आज्ञा-ओळ, शेल व मदतपृष्ठ या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• शेलमध्ये आज्ञा देऊन तिचे मदतपृष्ठ ब्राउझरमध्ये उघडता येईल.
• मदतपृष्ठातील खुणांची परिभाषा समजून घेऊन पृष्ठ वाचता येईल.
• मराठी शब्दसूचीच्या वर्णानुक्रमाचा प्रश्न मदतपृष्ठाच्या आधारे सोडवता येईल.
• अशी पृष्ठे मराठीत आणताना उद्भवणारे व्याकरणिक प्रश्न ओळखता येतील.

६.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण बोलीच्या शब्दसंग्रहाची पद्धती पाहिली. समजा, यावल, फैजपूर, रावेर या परिसरातील लेवा गणबोलीचे किंवा अहिराणीचे काही शब्द तुम्ही ऐकून टिपले आहेत. ते संगणकावर एका साध्या मजकूर-फाइलमध्ये, प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे, लिहिले आहेत. आता त्यांची वर्णानुक्रमाने सूची करावयाची आहे. हे काम संगणक क्षणार्धात करतो. परंतु तो ते मराठीच्या वर्णमालेप्रमाणे करतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

पुढील चार शब्द घ्या : केस, केळ, केर, केवडा. मराठी वर्णमालेत 'ळ' हे व्यंजन 'ह'नंतर येते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निश्चित केलेल्या वर्णमालेतही त्याचे स्थान तेच आहे. म्हणून योग्य क्रम होतो : केर, केवडा, केस, केळ. संगणकाने मात्र केवळ अक्षरांच्या संकेतांकांचा आधार घेतला, तर क्रम मिळतो : केर, केळ, केवडा, केस. याचे कारण असे, की युनिकोड या संकेतप्रणालीतील देवनागरीची मांडणी भारतीय लिपींसाठी तयार झालेल्या 'इस्की' या आधीच्या संकेतप्रणालीवर आधारलेली आहे. सर्व भारतीय लिपींना एकच साचा असावा या विचाराने तेथे 'ळ'ला 'ल'च्या शेजारी स्थान मिळाले. ही मांडणी चुकीची नाही. पण ती मराठीच्या वर्णमालेची नाही.

खानदेशच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी येथील बोलींत अनेकदा 'य' ऐकू येतो. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया' होतो. ध्वनिबदलाच्या अभ्यासात हाच 'ळ' केंद्रस्थानी असतो. सूचीत तो भलत्याच जागी गेला, तर मराठी कोशाच्या सवयीने शब्द शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. दोन-चारशे शब्दांच्या सूचीत ही चूक नजरेतूनही सहज सुटते.

अशा वेळी कोणाला विचारावे? नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या शेजारी प्रयोगशाळा-साहाय्यक असतो. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला, नोकरी वा शेती सांभाळून रात्री अभ्यासाला बसल्यावर, तो आधार नसतो. परंतु आज्ञेचे उत्तर बहुतेक वेळा आज्ञेजवळच लिहिलेले असते. ते उघडता आणि वाचता येणे हे स्वावलंबनाचे साधन आहे, आणि वाचणे हा तर भाषेच्या विद्यार्थ्याचा विषयच आहे.

सूचना : या पुस्तिकेत आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टंकावयाच्या आहेत. आज्ञेतील आडवी रेघ म्हणजे वजाबाकीचे चिन्ह होय.

६.२ आज्ञा-ओळ आणि शेल

संगणकाशी व्यवहार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत आपण चित्रे व बटणे यांवर टिचकी मारतो. दुसरीत आपण शब्द लिहितो. ज्या ओळीवर हे शब्द लिहितो ती आज्ञा-ओळ. ते शब्द वाचून, त्यांचा अर्थ लावून कार्य घडवून आणणारा कार्यक्रम म्हणजे शेल. लिनक्सवर 'बॅश' हा शेल सर्वपरिचित आहे. विंडोजवर 'पॉवरशेल' असतो. 'फिश' हा नवशिक्यांच्या सोयीचा विचार करून तयार झालेला आणखी एक शेल. शेल ज्या खिडकीत दिसतो तिला टर्मिनल म्हणतात. टर्मिनल व शेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा.

आज्ञा ही एक वाक्यरचनाच असते. तिच्या प्रारंभी क्रिया, त्यानंतर क्रियेची रीत सांगणारे पर्याय आणि शेवटी ज्यावर क्रिया करायची ते, अशी साधारण मांडणी असते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर क्रियापद, क्रियाविशेषण आणि कर्म. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते : "शब्दांची फाइल उलट्या क्रमाने लाव." आज्ञा-ओळीवर ते आरंभी येते : "लाव, उलट्या क्रमाने, शब्दांची फाइल." हा फरक एकदा लक्षात आला, की आज्ञांचे परकेपण बरेच कमी होते.

पॉवरशेलमध्ये ही व्याकरणदृष्टी उघडपणे स्वीकारलेली आहे. तेथील आज्ञांची नावे 'क्रियापद-नाम' अशा जोडीची असतात. 'गेट-हेल्प' म्हणजे 'आण-मदत'. 'सॉर्ट-ऑब्जेक्ट' म्हणजे 'लाव-वस्तू'. नाम एकवचनी ठेवावे आणि क्रियापद मान्य यादीतूनच घ्यावे, असा संकेत आहे. ही यादी 'गेट-व्हर्ब' या आज्ञेने पाहता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) शेल व टर्मिनल यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
(आ) आज्ञेतील पदक्रम व मराठी वाक्यातील पदक्रम यांची तुलना करा.

६.३ मदतीची तीन स्थाने

(१) संक्षिप्त मदत. लिनक्सवरील बहुसंख्य आज्ञांपुढे दोन आडव्या रेघा देऊन 'हेल्प' लिहिले, की टर्मिनलमध्येच थोडक्यात माहिती येते. उदाहरणार्थ, 'सॉर्ट --हेल्प'. विसरलेला पर्याय आठवण्यासाठी ही पुरेशी असते.

(२) नियमपुस्तिकेचे पान. 'मॅन' (एम-ए-एन ही तीन अक्षरे) लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले, की त्या आज्ञेचे संपूर्ण पान टर्मिनलमध्ये उघडते. 'मॅन' हे 'मॅन्युअल'चे लघुरूप आहे. ही परंपरा जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी सिद्ध केली. तेव्हा ती कागदावर होती. आजच्या पानांची मांडणी मुख्यतः तीच आहे.

(३) ब्राउझरमधील मदत. येथे तेच ज्ञान वेबपृष्ठाच्या रूपात दिसते. अक्षर मोठे करता येते, देवनागरी नमुने नीट दिसतात, दुव्यावरून संबंधित पृष्ठावर जाता येते, आणि एका बाजूला पृष्ठ ठेवून दुसऱ्या बाजूला टर्मिनलमध्ये प्रयोग करता येतो. दीर्घ वाचनासाठी हे स्थान सर्वांत सोयीचे होय.

६.४ शेलमधून ब्राउझरमध्ये मदत उघडणे

शेल स्वतः वेबपृष्ठ दाखवीत नाही. तो पृष्ठाचा पत्ता ठरवतो आणि 'हा पत्ता उघडा' अशी विनंती ब्राउझरकडे पोहोचवतो. अनेक लिनक्स संगणकांवर हे काम 'एक्सडीजी-ओपन' ही आज्ञा करते, मॅकवर 'ओपन', तर विंडोजवर 'स्टार्ट'. या साध्या विभागणीवरून पुढील सर्व रीती उलगडतात.

पॉवरशेल : 'गेट-हेल्प सॉर्ट-ऑब्जेक्ट -ऑनलाइन' असे लिहून एंटर कळ दाबा. नेहमीच्या ब्राउझरमध्ये त्या आज्ञेचे पृष्ठ उघडेल. येथे पृष्ठाचा पत्ता आज्ञेच्याच माहितीत साठवलेला असतो. ज्या आज्ञेच्या माहितीत पत्ता नाही, तिच्याबाबतीत पृष्ठ उघडणार नाही, त्रुटीचा संदेश येईल. २०१२ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून पॉवरशेलसोबत संपूर्ण मदतमजकूर येत नाही; तो 'अपडेट-हेल्प' या आज्ञेने आणावा लागतो. त्यामुळे टर्मिनलमध्ये मदत तुटपुंजी दिसली, तर मदतच नाही असा निष्कर्ष काढू नका.

बॅश व मॅन : लिनक्सवर 'मॅन -एच सॉर्ट' असे लिहा, 'एच' हे अक्षर येथे मोठ्या लिपीतील आहे. मॅन ते पान वेबपृष्ठाच्या रूपात बदलून ब्राउझरकडे देते. हे रूपांतर 'ग्रॉफ' नावाचा कार्यक्रम करतो. तो पूर्णपणे बसवलेला नसेल तर पृष्ठ उघडत नाही. कोणता ब्राउझर वापरायचा हे 'ब्राउझर' याच नावाच्या (सर्व मोठ्या अक्षरांतील) परिवेश-चलात सांगून ठेवता येते. ते सांगितले नसेल, तर केवळ अक्षरे दाखवणारा ब्राउझर उघडण्याचा प्रयत्नही होऊ शकतो.

गिट : मजकुराच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या या साधनात 'गिट हेल्प -डब्ल्यू' आणि पुढे उपआज्ञेचे नाव लिहावे, येथे 'डब्ल्यू' लहान लिपीतील आहे. विंडोजवरील गिटमध्ये मदत मुळातच ब्राउझरमध्ये उघडते. लिनक्सवर त्यासाठी दस्तऐवजांचा वेगळा संच बसवावा लागू शकतो.

फिश : नुसते 'हेल्प' लिहिले तरी मदत ब्राउझरमध्ये येते.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. पॉवरशेलची ऑनलाइन मदत इंटरनेटवरून येते. मॅन व गिट यांची पृष्ठे ब्राउझरमध्ये दिसत असली, तरी ती तुमच्याच संगणकात साठवलेली असतात; जोडणी नसतानाही ती वाचता येतात. जेथे इंटरनेटचा भरवसा नसतो, तेथे हा भेद व्यवहारात फार उपयोगी ठरतो. त्याची दुसरी बाजूही पाहा. संगणकातील पृष्ठ हे तुमच्याकडे असलेल्या आवृत्तीचे असते. इंटरनेटवरील पृष्ठ नव्या आवृत्तीचे असू शकते. त्यात दिसणारा एखादा पर्याय तुमच्या संगणकावर चालला नाही, तर आधी दोन्हींच्या आवृत्त्या ताडून पाहाव्यात.

आणखी एक अडचण. दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून काम करीत असताना तेथे बहुधा ब्राउझर नसतो. आज्ञा बरोबर असूनही पृष्ठ उघडत नाही. कारण विनंती पोहोचली, पण ती पुरी करणारा कोणी नाही. अशा वेळी आपल्या स्वतःच्या संगणकावर पृष्ठ उघडावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) इंटरनेट नसताना ब्राउझरमध्ये कोणती मदत वाचता येईल? का?
(आ) मदतपृष्ठ न उघडण्याची तीन संभाव्य कारणे लिहा.

६.५ मदतपृष्ठाची परिभाषा

मॅन-पानाचे विभाग ठरलेले असतात : नाव, रूपरेषा, वर्णन, पर्याय, कधी उदाहरणे, आणि शेवटी 'हेही पाहा'. नव्या वाचकाला 'रूपरेषा' हा विभाग सर्वांत अवघड वाटतो, कारण तो वाक्यांत नसून खुणांत लिहिलेला असतो. त्या खुणा अशा वाचाव्यात :

• चौकटी कंसातील भाग ऐच्छिक असतो.
• उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते'.
• तीन टिंबे म्हणजे आधीचा घटक पुनःपुन्हा देता येतो.
• तिरके किंवा अधोरेखित पद म्हणजे त्या जागी तुमचे स्वतःचे पद लिहावयाचे असते.

म्हणजे रूपरेषेत 'सॉर्ट [पर्याय]... [फाइल]...' असे दिसले, तर त्याचा अर्थ : सॉर्ट लिहा, वाटल्यास एक किंवा अनेक पर्याय द्या, वाटल्यास एक किंवा अनेक फाइलींची नावे द्या. कंस व टिंबे टंकावयाची नसतात. नवशिक्यांच्या पुष्कळ चुका या एका गोष्टीपाशी होतात.

ज्या खुणा वर्णनासाठी आहेत, पण प्रत्यक्ष प्रयोगात उमटत नाहीत, त्या भाषाभ्यासकाला अपरिचित नाहीत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत धातू व प्रत्यय यांना जोडलेले अनुबंध, म्हणजेच 'इत्' वर्ण, नेमके हेच करतात : ते नियमाची दिशा दाखवतात आणि सिद्ध रूपातून लोप पावतात. संगणकभाषांची रचना मांडण्यासाठी वापरली जाणारी 'बॅकस-नाउर' पद्धती आणि पाणिनीची पद्धती यांतील साम्य पाहून पी. झी. इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला 'पाणिनि-बॅकस' असे नाव द्यावे, अशी सूचना केली होती. दोन्हींचा उगम वेगळा आहे. परंतु भाषेविषयी काटेकोर बोलण्यासाठी एक वेगळी परिभाषा लागते, ही जाण दोन्हीकडे समान आहे.

६.६ उदाहरण : 'ळ'चे स्थान

आता आपल्या सूचीकडे वळू. लिनक्सवर सॉर्टचे मदतपृष्ठ उघडल्यास वर्णनाच्या ओघात एक ठळक इशारा आढळतो. त्याचा आशय असा : क्रम हा परिवेशात निवडलेल्या स्थानीय संकेतांवर, म्हणजे 'लोकॅल'वर अवलंबून असतो; संकेतांकांचा पारंपरिक क्रम हवा असल्यास 'एलसी-ऑल' या चलाला 'सी' हे मूल्य द्यावे. (या चलाच्या नावात 'एलसी' व 'ऑल' यांमध्ये अधोरेघ असते.) म्हणजेच, सूचीचा क्रम ही यंत्राची अटळ कृती नाही, ती एक निवड आहे, आणि ती निवड आपल्याला बदलता येते. मराठी-भारत या लोकॅलचे नाव 'एमआर' (लहान अक्षरांत), अधोरेघ, 'आयएन' (मोठ्या अक्षरांत) असे लिहितात.

पॉवरशेलमधील सॉर्ट-ऑब्जेक्टच्या पृष्ठावर पर्यायांच्या यादीत '-कल्चर' हा पर्याय सापडतो. त्याला 'एमआर-आयएन' हे मूल्य देता येते. येथे अधोरेघेऐवजी आडवी रेघ असते.

पर्याय सापडला म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नका. संगणकावर मराठीचे नियम बसवलेले आहेत का आणि ते 'ळ'ला कोठे ठेवतात, हे पडताळावे लागते. त्यासाठी आपली चार शब्दांची कसोटी पुरेशी आहे. केस, केळ, केर, केवडा हे शब्द एका फाइलमध्ये चार ओळींवर लिहा, ती फाइल क्रमाने लावा आणि पाहा : 'केळ' शेवटी आले, तर वर्णमालेचा क्रम मिळाला, 'केर'च्या पाठोपाठ आले, तर अजून संकेतांकांचाच क्रम चालू आहे. मोठी सूची लावण्यापूर्वी ही कसोटी घ्यावी. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनी आरंभ होणारे शब्दही याच रीतीने तपासावेत. संकेतांकांच्या दृष्टीने 'क्ष' हे 'क' व 'ष' यांचे जोडाक्षर आहे, म्हणून 'क्षमा' हा शब्द 'क'च्या गटात जातो. वर्णमालेच्या शेवटी त्याला ठेवणाऱ्या सूचीत तो वेगळ्या जागी हवा असतो.

येथे पद्धतीचा एक धडा आहे. आधी प्रश्न नेमका मांडणे, मग पृष्ठावर त्याचे उत्तर शोधणे, आणि शेवटी छोट्या नमुन्यावर ते पडताळणे, हा क्रम कोणत्याही आज्ञेला लागू पडतो.

६.७ मदतपृष्ठ मराठीत आणताना

वरील पृष्ठे तुम्हांला बहुधा इंग्रजीत दिसतील. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या साधनांचे मराठी रूप उपलब्ध आहे. मराठी भाषकांनीच ते घडवले आहे. आज्ञांच्या मदतपृष्ठांबाबत मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. हे काम केवळ संगणकतज्ज्ञाचे नाही. त्यातील मुख्य अडचणी व्याकरणाच्या आहेत. तीन अडचणी पाहू.

(१) क्रियापदाचे रूप. इंग्रजी पानात आज्ञेचे कार्य सांगणारे क्रियापद बहुधा मूळ रूपात असते. तेच रूप आज्ञार्थीही असते, म्हणून तेथे निवड करावी लागत नाही. मराठीत ती टळत नाही : 'ओळी क्रमाने लावणे', 'ओळी क्रमाने लावा' की 'ओळी क्रमाने लावते'? पहिले रूप शीर्षकाला शोभते, दुसरे वापरकर्त्याला उद्देशून आहे, तिसऱ्याचा कर्ता आज्ञा आहे. नाव-विभागात पहिले, उदाहरणांत दुसरे व वर्णनात तिसरे, असा एक संकेत ठरवून तो शेवटपर्यंत पाळणे इष्ट.

(२) लिंगवचनाचा मेळ. पुष्कळ संदेशांत रिकामी जागा असते व तेथे यंत्र नंतर नाव भरते : '… सापडले नाही.' त्या जागी 'फाइल' आले तर 'सापडली', 'शब्द' आला तर 'सापडला', 'पृष्ठ' आले तर 'सापडले' हवे. यंत्राला हे ठाऊक नसते. उपाय वाक्यरचनेतच आहे : 'या नावाची नोंद आढळली नाही.' आता क्रियापदाचा मेळ 'नोंद' या निश्चित स्त्रीलिंगी नामाशी बसतो आणि कोणतेही नाव भरले तरी वाक्य शुद्ध राहते.

(३) सामान्यरूप. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे रूप पालटते. आज्ञेचे नाव मात्र एका अक्षरानेही बदलता येत नाही. म्हणून विकार 'आज्ञा' या शब्दाने सोसावा, अशी रचना करावी : 'सॉर्ट या आज्ञेचा वापर', 'मॅन या आज्ञेने'.

अशा निर्णयांना व्याकरणाचे सजग ज्ञान लागते. मराठी विषय घेऊन पदवी मिळवणाऱ्याने तंत्रज्ञानाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही; त्याच्या विद्येची तेथे गरज आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – ३
(अ) 'फोल्डर', 'फाइल', 'चित्र' यांपैकी कोणतेही नाव भरले तरी शुद्ध राहील असे 'काढून टाकले आहे' या आशयाचे वाक्य तयार करा.

६.८ सारांश

शेल ही शब्दांनी संगणकाशी व्यवहार करण्याची व्यवस्था असून आज्ञा ही एक वाक्यरचना आहे. आज्ञेची मदत संक्षिप्त रूपात, मॅन-पानात व ब्राउझरमध्ये अशा तीन ठिकाणी मिळते. ब्राउझरमध्ये ती उघडण्यासाठी पॉवरशेलमध्ये '-ऑनलाइन', मॅनमध्ये '-एच', गिटमध्ये '-डब्ल्यू' हे पर्याय आहेत. फिशमध्ये 'हेल्प' पुरेसे आहे. यांतील काही पृष्ठे इंटरनेटवर तर काही आपल्याच संगणकात असतात. रूपरेषेतील खुणा टंकण्यासाठी नसून वाचण्यासाठी असतात. सूचीचा क्रम निवडलेल्या संकेतांवर अवलंबून असतो, म्हणून मराठी सूची करताना 'ळ'ची कसोटी घ्यावी. मदतपृष्ठांच्या मराठीकरणात क्रियापदाचे रूप, लिंगवचनाचा मेळ व सामान्यरूप हे तीन प्रश्न प्रमुख आहेत.

६.९ क्षेत्रकार्य

आपल्या गावातील बोलीतून 'ळ'च्या जागी 'य' येणारे किमान वीस शब्द ऐकून टिपा. प्रत्येक ओळीवर आधी प्रमाण रूप व नंतर बोलीरूप लिहा. चार शब्दांची कसोटी घेऊन मगच सूची वर्णानुक्रमे लावा. कोणते मदतपृष्ठ उघडले, त्यातील कोणता पर्याय वापरला आणि कसोटीत 'केळ' कोणत्या स्थानी आले, याची नोंद सूचीखाली पाच ओळींत करा व ती पुढील संपर्कसत्रात सोबत आणा.